फडात पाणी, सावली आणि बिनदंडाची सुट्टी

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. दिवाळीच्या आगेमागे बीडहून निघालेली टोळी कारखान्याच्या परिसरात कोप्या टाकते आणि अंधार असतानाच फडात उतरते. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढून मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. आडोसा म्हणजे उभा ऊस, तोही तोडणीबरोबर मागे सरकत जातो. अंग दुखले म्हणून एक दिवस कोपीवर राहावे, तर 'खाडा': मजुरी बुडतेच, वर दंडही कापला जातो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे दर सहा बायांमागे एक.

त्यानंतर सरकारचे लक्ष दवाखान्यांकडे वळले. अशा शस्त्रक्रियेसाठी खाजगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ते गरजेचेच होते. पण दुखणे सुरू होते फडात. लघवीला जायला जागा नाही म्हणून बाई पाणी कमी पिते, पाळीतही मोळ्या वाहते, अंगावरचे दुखणे खाड्याच्या भीतीने अंगावरच काढते. शेवटी 'एकदाची पिशवी काढून टाकू' हा सल्ला तिला सुटकेसारखा वाटतो. जे आरोग्य कामाच्या रचनेने बिघडते, ते ती रचना बदलल्याशिवाय सुधारणार नाही, आणि ही रचना कारखाना आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याच हातात आहे.

कारखाने म्हणतात, हे मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. पण मुकादमाकडून मिळणारी उचल येते कारखान्याकडून, कोणता फड कधी तोडायचा हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो आणि वजन कारखान्याच्याच काट्यावर होते. कामावर एवढा ताबा असणाऱ्याला जबाबदारी झटकता येणार नाही. दुसरा आक्षेप असा की विश्रांती दिली तर तोडणी घटेल आणि टनावर मजुरी घेणारा मजूरच ती नाकारेल. एल साल्वाडोरमध्ये २०१४-१५च्या हंगामात एका कारखान्याच्या ऊसतोड्यांना पाणी, हलवता येणारी सावली आणि ठरलेली विश्रांती देऊन पाहिले. तोडणीची पद्धतही सुधारली. तेव्हा माणशी रोजची तोडणी ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. प्रयोग लहान होता, तिथली तोडणीची रीतही आपल्याहून वेगळी. तरी विश्रांतीने उत्पादन घटतेच, हे गृहीतक त्याने खोटे ठरवले. तिसरा प्रश्न पैशांचा. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला १० रुपये आणि सरकारने तेवढेच द्यायचे ठरलेले आहे. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टन ऊस गाळला जातो, म्हणजे एकट्या कारखान्यांचा वाटाच शंभर कोटींचा होतो. फिरती शौचालये आणि पाण्याचे टँकर त्यात नक्की बसतात.

स्थानिक संस्थांची उदासीनता वेगळ्या कारणाची. कोप्या ज्या गावच्या हद्दीत पडतात, तिथे या मजुरांचे मत नसते आणि जिथे मत असते, तिथे ते हंगामभर नसतात. म्हणून पाण्याचा नळ कोप्यांपर्यंत पोचत नाही आणि आशाताईंच्या फेरीत कोप्या येत नाहीत. रोजगार हमीच्या २००५च्या कायद्याने कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांना सांभाळायची सोय सक्तीची केली होती. गावी शेततळे खणताना ज्या बाईचा सावलीवर हक्क मानला गेला, तिचा तोच हक्क साखरपट्ट्यात येताच संपावा, याला काही आधार नाही. ज्या जिल्हा परिषदेच्या हद्दीत फड, तिनेच हंगामापुरती का होईना, या कुटुंबांना आपले रहिवासी मानावे.

दर हंगामापूर्वी साखर आयुक्तालय कारखान्यांना गाळप परवाना देते. त्या परवान्याला तीन अटी जोडाव्यात: फडावर पाणी व सावली, कोप्यांपाशी शौचालय, आणि आजारपणाचा खाडा रद्द. या अटी पूर्ण झाल्याशिवाय एकाही कारखान्याचे धुराडे पेटू देऊ नये.