‘स्टार ट्रेक’ एकच, मग चाहत्यांचे गट इतके का?

१९६६मध्ये अमेरिकी टीव्हीवर आलेली कर्क-स्पॉक जोडीची ‘स्टार ट्रेक’ ७९ भागांनंतर १९६९मध्ये बंद पडली. १९८७मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ नवे कॅप्टन, नवे सहकारी घेऊन आली, तेव्हा अनेक जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. १९९३च्या ‘डीप स्पेस नाइन’मध्ये तर कथा यानाऐवजी एका अंतराळ स्थानकावर घडते. मग प्रवास कुठे, असा आक्षेप निघाला. युद्ध, धर्म, राजकारणाची सलग गोष्ट सांगणारी हीच मालिका पुढे अनेकांची लाडकी ठरली. कुणाला दर भागात नवा ग्रह हवा, कुणाला लांब चालणारी कथा. आवड वेगळी असणारच. पण नव्या मालिकेला ‘खरी स्टार ट्रेक नव्हे’ म्हणण्याची घाई नको. आजच्या लाडक्या मालिकांनीही हेच ऐकले आहे.