ध्वनिमुद्रण आणि घाई

पॉडकास्ट करणारांचा खरा वेळ बोलण्यांत जात नाहीं. तो पुढील कापाकापींत व टिपण लिहिण्यांत जातो. अर्ध्या तासाचें संभाषण हातानें उतरावयास दोन-तीन तास सहज लागतात. २०२२ सालीं निघालेली 'व्हिस्पर' ही संगणकप्रणाली मराठी बोलणेंही लिहून देते, आणि 'ऑडॅसिटी'मधील एका आज्ञेनें लांबलेली शांतता आपोआप तोडली जाते. हें साह्य विद्यार्थ्यांनीं अवश्य घ्यावें.

परंतु आपल्या दारव्ह्याचे एखादे आजोबा बंद पडलेल्या शकुंतला गाडीविषयीं बोलूं लागले, आणि मोतीबाग स्थानकाचें नांव निघतांच क्षणभर थांबले, तर यंत्रास ती रिकामी जागा वाटेल. आमच्या मतें ती कथेचाच भाग होय. ते 'मले, तुले' म्हणतील, तेथें यंत्र 'मला, तुला' लिहून मोकळें होण्याचा संभव आहे. (व्याकरणाचे गुरुजी कदाचित् प्रसन्न होतील!) यास्तव टिपण यंत्रानें लिहावें, पण मूळ आवाज पुन्हा ऐकल्यावांचून तें कोणीं प्रसिद्ध करूं नये. गांवांचीं व माणसांचीं नांवें तर त्या आजोबांसच वाचून दाखवावीं; त्यांत अर्धा तास गेला तरी चालेल.