वेदनेला संस्काराचे नाव नको

कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरदार महिलांना मासिक पाळीसाठी दरमहा एक दिवस पगारी रजा देण्याच्या धोरणास मान्यता दिली. बिहारमध्ये शासकीय महिला कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवसांच्या रजेची तरतूद १९९२ सालीच झाली होती. याच विषयावरील याचिकेवर ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अशी रजा सक्तीची केल्यास स्त्रियांना कामावर घेणेच टाळले जाईल, अशी चिंता व्यक्त केली आणि धोरण ठरविण्याचे काम सरकारकडे सोपविले. रजा असावी की नसावी, यावर दोन्ही बाजूंनी हिरीरीने बोलले गेले. या गदारोळात मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. दर महिन्याला जिला अंथरुणातून उठवत नाही, तिला झाले आहे तरी काय?

पाळीच्या दिवसांत थोडेफार दुखणे स्वाभाविक आहे. परंतु शाळा, कचेरी वा स्वयंपाकघर सोडून दरमहा पोट धरून पडावे लागत असेल, तर ते स्वाभाविक नव्हे. त्यामागे एंडोमेट्रिओसिस हा आजार असू शकतो. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोषांवर, बीजवाहिन्यांवर, ओटीपोटाच्या आवरणावर, क्वचित आतडे वा मूत्राशय यांवर वाढू लागतात. पाळीच्या चक्राबरोबर तेथेही दाह होतो, रक्तस्राव होतो. कालांतराने आतील अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीत असह्य कळा, शौचाच्या वेळी वा पतिपत्नी संबंधांत वेदना, न संपणारा थकवा आणि काही जणींच्या बाबतीत अपत्यप्राप्तीत अडथळा, ही त्याची लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुली या आजाराने ग्रस्त आहेत. तरीही निदान होण्यास अनेकदा कित्येक वर्षे लागतात.

ही वर्षे कोठे जातात? आजार गुंतागुंतीचा आहे आणि साध्या सोनोग्राफीत तो नेहमीच दिसतो असे नाही, हे खरे. परंतु या वर्षांतील मोठा भाग दवाखान्याच्या दाराबाहेर, आपल्याच घरात जातो. ‘आम्ही नाही का सोसले?’, ‘लग्न झाले की थांबेल’, ‘एक मूल झाले की सगळे बरे होईल’ ही वाक्ये कोणत्या घरात बोलली गेली नाहीत? विवाह हे कोणत्याही आजाराचे औषध नव्हे आणि बाळंतपणाने हा आजार मुळातून जातो, असेही नाही. पुढे मूल न झाल्यास ज्या वेदनेकडे दुर्लक्ष केले, तिच्याच परिणामांचा दोष त्या सुनेच्या माथी मारला जातो. सोशिकता हा गुण आहे. पण रोग दडविण्यासाठी त्या गुणाचा आधार घेणे हा संस्कार नव्हे.

आपली परंपरा याबाबत उदासीन होती, असे मानण्याचे कारण नाही. चरकसंहितेत स्त्रीरोगांच्या प्रकरणात ‘उदावर्तिनी’ या वेदनायुक्त पाळीच्या विकाराचे वर्णन आहे. म्हणजे आपल्या वैद्यांनी या वेदनेला चिकित्सेचा विषय मानले होते. ओडिशातील रज पर्वात भूमी रजस्वला मानून नांगरणी थांबवितात, मुली-स्त्रियांना कामातून विसावा देतात. कामाख्येचे मंदिर अंबुवाची पर्वात तीन दिवस बंद असते. धरतीला आणि देवीला विश्रांती देणारा समाज घरातील लेकीला ती नाकारतो, हा विरोधाभास आपणच निर्माण केला आहे. महाराष्ट्रात ‘बाजूला बसण्या’तील विटाळ पुष्कळ घरांत अद्याप टिकून आहे, विसावा तेवढा गेला. खरे तर विटाळ जायला हवा होता आणि विसावा राहायला हवा होता.

दुखण्याची दखल न घेता फक्त कामाचा हिशेब ठेवला की काय होते, हे बीडने दाखवून दिले आहे. ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खाडा पडला की मजुरी बुडते, वर दंडही बसतो. म्हणून ऐन तारुण्यात ‘पिशवी’ काढून टाकण्याची पाळी येते. ही केवळ एका जिल्ह्याची लाजिरवाणी कथा नव्हे. शहरातील सुशिक्षित स्त्रीही वेदनाशामक गोळी घेऊन गर्दीची लोकल पकडते, किरकोळ रजा संपल्यावर बिनपगारी रजा घेते, बढती नाकारते आणि ‘नाजूक’ म्हणून हिणवली जाते. एंडोमेट्रिओसिसचे ठिकाण गर्भाशयाबाहेर असल्याने केवळ पिशवी काढून तो हमखास बरा होतो, असेही नाही.

या आजारावर कायमचा रामबाण उपाय आज उपलब्ध नाही. तथापि वेदनाशामके, संप्रेरकांची औषधे आणि आवश्यक तेथे दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांनी तो आटोक्यात ठेवता येतो. कोणत्या दिवशी, कोठे, किती दुखले याची नोंदवही ठेवल्यास डॉक्टरांचे काम सोपे होते. शेक आणि झेपेल इतका व्यायाम यांनी काहींना आराम मिळतो. मात्र घरगुती उपायांत वर्षे घालवू नयेत. आणि ‘हे तुझ्या मनाचे खेळ’ हे शब्द घरातून हद्दपार व्हावेत. सततची वेदना मनही पोखरते, तेव्हा आधार हाही उपचाराचाच भाग ठरतो.

कायदा रजा देऊ शकेल. विश्वास मात्र कुटुंबच देऊ शकते. रजेच्या धोरणावर मतभेद असू शकतात, वेदनेवर विश्वास ठेवण्याबाबत नसावेत. आपल्या महिला मंडळांत आणि आरोग्य शिबिरांत हा विषय संकोच सोडून घेतला जावा. कुटुंबाच्या साप्ताहिक एकत्र बैठकीत वडिलांनी आणि भावांनीही तो ऐकावा. मातृशक्तीचा जयघोष आपण व्यासपीठांवरून नित्य करतो. त्या घोषाची परीक्षा व्यासपीठावर होत नसते. ‘आई, मला फार दुखतंय’ असे लेक म्हणते, तेव्हा तिला दवाखान्यात नेण्यासाठी घरातले कोण उठते, यावर ती ठरते.