बैलाला पत्री, आणि आपल्या पायाला?



ज्येष्ठ महिना लागला की गावोगावच्या बैठकांत बियाण्या-खतांच्या चौकशीबरोबर एक प्रश्न हमखास येतो, ‘साहेब, पेरणी उरकून दिंडी गाठता येईल का?’ पावसाचा भरवसा मी काय देणार! पण तुमच्यापैकी जे निघणार आहेत त्यांच्या पायांविषयी मात्र दोन शब्द सांगता येतील. हा विषय शेतीचा नाही असे कोणाला वाटेल. वारीहून परतलेला माणूस पंधरा दिवस खाटेवर पाय ठेवून बसला, की कोळपणी कोणी करायची?

आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे २५० किलोमीटरची. पुणे ते सासवड हा एकच टप्पा ३० किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवेघाटाची चढण. रोज शेतात राबणाऱ्या माणसाला चालण्याचे काय कौतुक, असे आपण म्हणतो. पण बांधावरची मऊ माती वेगळी आणि ओळीने दिवसेंदिवस डांबरी सडक तुडवणे वेगळे. उसाच्या गाडीला बैल जुंपण्याआधी आपण त्याला पत्री मारून घेतो. स्वतःच्या पायाला मात्र निघायच्या आदल्या दिवशी बाजारातून नवी कोरी चप्पल आणतो! ती चप्पल सासवडच्या आतच चावते.

फोड येतो कसा, हे बैलाच्या खांद्यावरून चटकन कळेल. जू घासून घासून खांदा येतो, तसेच हे आहे. पाऊल पडते तेव्हा आतले हाड पुढे-मागे सरकते, वरची कातडी मात्र चपलेला धरून राहते. मधल्या थरांना ओढ बसते. हजारो पावलांनी ती ओढ बसत राहिली की थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरते. घामाने किंवा पावसाने कातडी ओलसर झाली की ती जास्त चिकटते, म्हणून भुरभुर पावसात फोड लवकर येतात. चपलेत शिरलेली वाळू तर कानशीच.

फोड एकाएकी येत नाही. आधी त्या जागी चुणचुण होते, गरम लागते, कातडी लाल दिसते. थांबायचे ते इथे. विसाव्यापर्यंत कळ काढू, दिंडी पुढे निघून जाईल, असे म्हणून माणूस चालत राहतो आणि संध्याकाळी सुपारीएवढा फोड घेऊन तळावर पोचतो. पाच मिनिटे रस्त्याच्या कडेला बसा, पाय पुसून कोरडा करा, खडा-वाळू झाडा आणि लाल झालेल्या जागेवर कागदी चिकटपट्टी लावा. औषधाच्या दुकानात ‘पेपर टेप’ म्हणून मागितली की मिळते. जखमेवरची पट्टी चिकटवायला दवाखान्यात वापरतात तीच. ती लावताना सुरकुती पडू देऊ नका आणि कोपरे कात्रीने गोल कापा, म्हणजे उचकटत नाहीत. तेलकट पायावर ती धरत नाही.

ही साधी पट्टी कामाची आहे याला आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने धावायच्या एका लांब शर्यतीत १२८ धावपटूंच्या पायाच्या काही भागावर कागदी पट्टी लावली आणि बाकीचा भाग तसाच ठेवला. २०१६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला, की पट्टीखाली फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. शर्यतीचे अंतर किती होते म्हणाल, तर २५० किलोमीटर. आपल्या वारीएवढेच!

तेव्हा पडशी भरताना पायांसाठी एक छोटा बटवा वेगळा करा. त्यात कागदी पट्टीची दोन भेंडोळी, निर्जंतुक गॉजच्या पुड्या, पोव्हिडोन आयोडीनचे मलम, साबणाची वडी, छोटी कात्री, नखे काढायचे यंत्र आणि बंद पुडीतल्या चार-पाच सुया ठेवा. पायमोजे घालणाऱ्यांनी दोन जोड जादा घ्यावेत, भिजलेला जोड लगेच बदलावा. बटवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हाताशी ठेवा, ट्रकमधल्या सामानात नको. फोड रस्त्यात येतो आणि ट्रक तळावर असतो.

चप्पल निदान तीन आठवडे आधी घेऊन शेतावर, बाजाराला घालून मुरवावी. टाचेचा जाड घट्टा वजरीने थोडा थोडा घासून कमी करावा, ब्लेडने कापू नये. कोकमतेल किंवा व्हॅसलीन रात्री भेगांना लावायला उत्तम. सकाळी चालण्याआधी चोपडले तर सुरुवातीला घासणे कमी होते, पण तास-दोन तासांत ते जिरले की कातडी उलट जास्त धरते. म्हणून पट्टीवर माझा अधिक भरवसा.

एवढे करूनही फोड आलाच तर? लहान असेल, दुखत नसेल तर त्याला हात लावू नका. वरची कातडी हीच उत्तम मलमपट्टी, आतले पाणी आपोआप जिरते. रक्ताचा फोड तर मुळीच फोडू नये. मोठा, टरटरलेला आणि पाय टेकवत नसेल तरच हात व पाय साबणाने धुऊन, नव्या सुईने फोडाच्या कडेला दोन-तीन ठिकाणी टोचा, गॉजने हलके दाबून पाणी काढा, मलम लावून झाका. वरची साल ओढून काढू नका. त्यात दोरा ओवून ठेवायची रीत सोडा; दोऱ्यावाटे घाण आत जाते. मशेरी, राख, चुना, डिझेल यांचाही उपयोग नाही, अपाय मात्र आहे.

आणि एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. तळावर एकीच्या बांगडीतली पिन निघते आणि तिने दहाजणींचे फोड फुटतात. हे मायेने चालते, पण एकाच्या रक्तातली कावीळ किंवा एचआयव्ही दुसऱ्याला जायला तेवढी पिन पुरते. ज्याची सुई त्याला, आणि एकदाच.

मधुमेह असलेल्यांनी तर घरच्या घरी सुई लावूच नये. माझ्या ओळखीच्या एका मावशींच्या चपलेत खडा होता, दिवसभर त्यांना कळलाच नाही. साखरेमुळे तळव्याची जाणीव गेलेली. फोड फुटला, पिकला, आणि शेवटी अंगठ्याशेजारचे बोट काढावे लागले. अशा माणसाने अनवाणी चालू नये, चप्पल घालण्याआधी झटकावी, आणि रोज रात्री दुसऱ्या कोणाकडून तळवे बघून घ्यावेत. पालखीमार्गावर आरोग्य खात्याची पथके असतात, त्यांच्याकडे जायला संकोच कसला? फोडाभोवतीची लाली पसरली, पू आला, लाल रेघ वर चढू लागली किंवा ताप भरला तर कोणीही, मधुमेह असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. धनुर्वाताची लस कधी घेतली हे आठवत नसेल तर निघण्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

भातपट्ट्यातल्या मंडळींसाठी आणखी एक. तुम्ही परत याल तेव्हा लावणी चालू असेल. फुटलेला फोड पुरता सुकल्याशिवाय खाचरात उतरू नका. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोचे जंतू अशाच उघड्या कातडीतून शिरतात. अगदी इलाज नसेल तर गमबूट घाला. पुढे दोन-तीन आठवड्यांत अंगदुखीसह ताप आला तर चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना न विसरता सांगा.