मठातल्या कोंबड्या आणि संगणकाचा शब्दकोश

फ्रेंच शिकणाऱ्याला गंमत म्हणून एक वाक्य हमखास सांगितले जाते. अर्थ अगदी साधा : मठातल्या कोंबड्या अंडी उबवताहेत. गंमत आहे ती लिहिण्यात. ‘मठ’ आणि ‘उबवतात’ हे दोन्ही शब्द फ्रेंचमध्ये सी, ओ, यू, व्ही, ई, एन, टी या सात अक्षरांनीच लिहितात आणि या वाक्यात ते एकापुढे एक येतात. उच्चार मात्र पहिल्याचा ‘कूव्हाँ’ आणि दुसऱ्याचा ‘कूव्ह’. पॅरिसमधले दहा वर्षांचे पोर हे वाक्य न अडखळता वाचते. संगणकाला मात्र पहिला शब्द नाम आहे आणि दुसरा क्रियापद, हे कुणीतरी सांगावे लागते किंवा त्याने ते कुठून तरी शिकावे लागते.

दुसरे असेच प्रसिद्ध वाक्य आहे ‘ला पतीत ब्रीझ ला ग्लास’. पाचच शब्द. एका रीतीने वाचले तर ‘लहानगी बर्फ फोडते’. दुसऱ्या रीतीने वाचले तर ‘हलकी झुळूक तिला गारठवते’. पाचांपैकी पहिला सोडला तर प्रत्येक शब्द दोन वेशांत वावरतो. कानाने ऐकायचे म्हटले तर अडचण आणखी वाढते. हिरवा रंग, काच, कवितेची ओळ, किडा आणि खारीची लव या पाच वेगवेगळ्या गोष्टींचा फ्रेंच उच्चार एकच, ‘व्हेर’. शार्ल पेरोने 1697 मध्ये छापलेल्या सिंड्रेलाच्या गोष्टीतला जोडा काचेचा की लवीचा, यावर बाल्झाकसारख्या कादंबरीकारानेही मत दिले होते. पेरोने ‘काच’ असेच लिहिले होते, पण वाद काही मिटला नाही. जिथे माणसेच भांडतात, तिथे यंत्राची काय कथा!

यंत्राने भाषा हाताळावी ही हौस संगणकाइतकीच जुनी. 1954 मध्ये न्यूयॉर्कला एका यंत्राने साठेक रशियन वाक्यांचे इंग्रजी करून दाखवले, तेव्हा चार-पाच वर्षांत भाषांतरकारांचे काम संपेल अशी भाकिते झाली. त्या यंत्राला शब्द ठाऊक होते अवघे अडीचशे आणि व्याकरणाचे नियम सहा. पुढची बारा वर्षे पैसा खर्चूनही गाडी फारशी पुढे सरकली नाही. 1966 मध्ये अमेरिकी सरकारपुढे आलेल्या एका अहवालाने तसे स्पष्ट सांगितले आणि पैशाचा ओघ आटला. नियम मूठभर आणि भाषा मात्र अथांग, हे तेव्हा कळून चुकले. एकेका शब्दाचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

हे काम फ्रान्सने मनावर घेतले, यात नवल नाही. ज्या देशाने भाषेसाठी 1635 मध्ये अकादमी स्थापन केली आणि जिच्या कोशाची नववी आवृत्ती 2024 मध्ये पूर्ण झाली, तो देश शब्दांच्या बाबतीत उतावीळ नाही. संगणकाला फ्रेंचमध्ये ‘ऑर्दिनातर’ म्हणतात. हा शब्दही 1955 मध्ये झाक पेरे या लॅटिनच्या प्राध्यापकाने सुचवलेला. पुढे 1960 मध्ये नान्सी शहरात पॉल इम्ब्स यांच्या पुढाकाराने एक केंद्र उघडले आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतल्या ग्रंथांचा मजकूर त्या काळच्या अजस्र संगणकात भरण्याचे काम सुरू झाले. त्यातून जो महाकोश निघाला त्याचा पहिला खंड 1971 मध्ये आणि सोळावा, शेवटचा, 1994 मध्ये आला. एक लाख शब्द, 2,70,000 व्याख्या आणि 4,30,000 उदाहरणे! पुढे हा सारा कोश संगणकावर आला आणि आज तो कुणालाही घरबसल्या, फुकट पाहता येतो.

पण माणसासाठी लिहिलेला कोश यंत्राला पुरत नाही. आपण कोशात ‘सांगणे’ आणि ‘बोलणे’ हे शब्द पाहतो तेव्हा अर्थ वाचून पुढे जातो. वापर आपल्याला उपजत ठाऊक असतो. ‘त्याने मला गोष्ट सांगितली’ चालते, ‘त्याने मला गोष्ट बोलली’ चालत नाही, हे कुठल्या कोशात लिहायची गरज पडत नाही. यंत्रासाठी मात्र ते लिहावे लागते. मोरिस ग्रॉस (1934–2001) या भाषाशास्त्रज्ञाने नेमके हेच हाती घेतले. शिक्षणाने इंजिनिअर असलेल्या या गृहस्थाने 1968 मध्ये पॅरिसला प्रयोगशाळा काढली आणि सहकाऱ्यांना घेऊन फ्रेंच क्रियापदांचे तक्ते मांडायला सुरुवात केली. आडव्या ओळीत एकेक क्रियापद, उभ्या रकान्यात एकेक गुणधर्म. असला तर अधिक, नसला तर उणे. या क्रियापदाला माणूसच कर्ता लागतो का? त्याच्यामागे आख्खे उपवाक्य येऊ शकते का? किराणा दुकानाच्या खतावणीसारखे हे रुक्ष काम वर्षानुवर्षे चालले.

त्यातून निघालेला निष्कर्ष रुक्ष नव्हता. हजारो क्रियापदे तपासल्यावर दिसले, की जवळजवळ कोणत्याही दोन क्रियापदांची ओळ हुबेहूब जुळत नाही! म्हणजे ज्याला आपण व्याकरणाचा नियम म्हणतो, तो एकेका शब्दाशी तडजोड करीतच चालतो. दुसरी गोष्ट अशी, की ठरीव वाक्प्रचारांची संख्या साध्या क्रियापदांच्याही वर गेली. फ्रेंच माणूस ‘त्याने आपली चिलीम फोडली’ म्हणतो तेव्हा तो मेला असा अर्थ असतो, जसे आपण ‘त्याने राम म्हटला’ म्हणतो. बटाट्याला फ्रेंचमध्ये ‘जमिनीचे सफरचंद’ म्हणतात. शब्दाला शब्द ठेवणारे यंत्र भाजीच्या यादीत काय घालील, ते सांगायला नको.

आता प्रश्न येतो तो मालकीचा. इतक्या कष्टाने जमवलेली शब्दसंपत्ती कपाटात बंद राहिली तर तिचा उपयोग काय? युरोपातल्या अनेक भाषांचे अर्थजाळे विणण्याचा एक प्रकल्प 1996 ते 1999 या काळात झाला. त्यातला फ्रेंच भाग परवान्यांच्या कुलपात राहिला. अखेर 2008 मध्ये बेनुआ सागो आणि दार्या फिशर या संशोधकांनी उपलब्ध मुक्त साधनांतून फ्रेंचचे नवे अर्थजाळे उभारले आणि ते सर्वांना खुले केले. सागो यांनीच सिद्ध केलेला फ्रेंच शब्दरूपांचा कोशही असाच मुक्त आहे. 2009 मध्ये त्यांनी पास्काल दनी यांच्यासह एक प्रयोग केला. वाक्यातला शब्द नाम की क्रियापद हे ओळखणाऱ्या यंत्राला वृत्तपत्रातला, हाताने खुणा केलेला मजकूर तर दिलाच, शिवाय हा कोशही जोडून दिला. अचूकता 97 टक्क्यांच्या पुढे गेली आणि यंत्राने पूर्वी न पाहिलेल्या शब्दांच्या बाबतीत कोशाचा लाभ ठळकपणे दिसला. मठातल्या कोंबड्यांचा प्रश्न सुटतो तो अशा रीतीने.

यावर आजचा वाचक विचारील, की हे सारे आता कशाला? गेल्या काही वर्षांत अफाट मजकूर वाचून स्वतःच भाषा शिकणारी यंत्रे आली आहेत. 2019 मध्ये खास फ्रेंचसाठी घडवलेले असे एक प्रारूप पॅरिसच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्याला कुणी क्रियापदांचे तक्ते पढवले नव्हते. आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्याला दोन बाजू आहेत. पहिली, मजकुरात जो शब्द लाखदा येतो तो यंत्र उत्तम शिकते; जो चारदा येतो तिथे ते अंदाज बांधते आणि अंदाज चुकला तरी तितक्याच ठामपणे बोलते. ते बरोबर बोलले की नाही हे ताडून पाहायला कुणीतरी आधी लिहून ठेवलेला, जबाबदार माणसाने तपासलेला कोशच लागतो. दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. फ्रेंचपाशी मजकुराचे डोंगर आहेत. त्याच फ्रान्सातल्या ब्रेतों किंवा ऑक्सितानपाशी ते नाहीत. जिथे मजकूर तोकडा, तिथे एका चांगल्या कोशाचे मोल दसपट.

इथे आपल्याकडे नजर वळणे साहजिकच आहे. मराठी काही गरीब भाषा नव्हे. मोल्सवर्थचा कोश 1831 चा, त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 पासून खंडाखंडाने निघाला. हे दोन्ही कोश आज संगणकावर शोधता येतात, पण ती सोय केली शिकागो विद्यापीठाने! मुंबईच्या आयआयटीत मराठीचे अर्थजाळे विणले गेले, ही समाधानाची गोष्ट. तरीही ‘पाट’ म्हणजे बसायचा, पाण्याचा की पुनर्विवाहाचा, हे यंत्राला सांगायचे काम पुष्कळ उरले आहे. ‘घर’ या एका शब्दाची घराला, घरातून, घरापासूनच अशी किती रूपे होतात ते वेगळेच. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. ते वाटावेतच. पण अभिजातपणाचे खरे काम पेढ्यांनंतर सुरू होते आणि ते बहुतांशी अधिक-उण्याच्या रकान्यांचे असते.

फ्रेंचांपासून घेण्यासारखे आहे ते हेच. त्यांचा सोळा खंडांचा कोश पुरा व्हायला तेवीस वर्षे लागली. मधल्या काळात सरकारे बदलली, संगणक बदलले, काम चालू राहिले. असे काम निवडणुकीच्या जाहीरनाम्यात शोभत नाही आणि त्याचे उद्घाटनही करता येत नाही. त्याला लागतात पगारी कोशकार, विद्यापीठांचा धीर आणि सार्वजनिक पैशातून जे घडले ते सर्वांना खुले ठेवण्याचा दंडक. उद्या आपली नातवंडे यंत्राशी मराठीत बोलतील तेव्हा ते त्यांना कोणत्या मराठीत उत्तर देईल, हे आज कोशाच्या टेबलाशी किती माणसे बसतात यावर ठरणार आहे.