रंग कशाने धरलाय?

गेल्या रविवारी पुण्यातल्या एका हस्तकला प्रदर्शनात एका स्टॉलवर मी बराच वेळ वाद घातला आणि चिडून घरी आले. पाटी होती, 'शंभर टक्के नैसर्गिक रंगांची छपाई'. ओढणीवर गेरूची तांबडी वेल, मधे हळदीची पिवळी फुलं, काठाला काळी नक्षी. सुंदर होती, त्याबद्दल दुमत नाही, विकतही घेतली. पण मुठीत चुरगळून पाहिली तर जिथे छपाई तिथे कापड ताठ, वर पापुद्रा बसल्यासारखं. गेरू खरा, हळदही खरी. ती कापडाला चिकटवलीत कशाने, असं विचारल्यावर तिथली मुलगी म्हणाली, "बाइंडर असतो ना ताई, सगळेच वापरतात." कसला बाइंडर? ॲक्रिलिकचा. म्हणजे गेरूची माती प्लॅस्टिकच्या पातळ थरात धरून ठेवायची आणि वरून तापवून तो थर पक्का करायचा. मुलीवर माझा राग नाही, तिने विचारलं ते सरळ सांगितलं. राग त्या पाटीवर आहे.

बाइंडरशिवाय रंग धरणाऱ्या लोखंडाच्या काळ्या शाईबद्दल मी पूर्वी लिहिलं तेव्हा काहींनी कळवलं होतं, की हे राजस्थानातल्या बगरूच्या छिपांना, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्यांना जमतं, शहरातल्या गॅलरीत नाही. तर आमच्या गॅलरीतलं मडकं याच आठवड्यात तयार झालं. मोडक्या बिजागऱ्या, गंजके खिळे आणि विळीचं एक तुटकं पातं विस्तवात भाजून, गंज झाडून गुळाच्या पाण्यात टाकलं होतं. चौथ्या दिवशी फेस आला, मग आंबूस वास, आणि पंधराव्या दिवशी फेस खाली बसला. गुळाचा आंबून सिरका होतो, त्यात लोखंड विरघळतं, एवढीच ही क्रिया. गाळून घेतलेलं पाणी मात्र काळं नव्हतं, फिकट तपकिरी होतं. त्यात चिंचोक्याची खळ शिजवून घातली. घोंगडीला लावतात तीच ही खळ. ती नसेल तर ठशाची रेघ फुटते आणि नक्षी कापडावर पसरते.

आता नीट बघा. साध्या धुतलेल्या मांजरपाटावर ठसा मारला, तर मळकट डाग पडला. तोच ठसा हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या पिवळसर कापडावर मारला. उचलला तेव्हा नक्षी करडी होती. मी बघत उभी राहिले. कडांपासून आत गडद होत गेली आणि गॅसवरचा चहा उकळेपर्यंत काळी झाली. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो, ते ज्या घरात पाहिलंय त्या घरात हे वेगळं समजावायला नको. हिरड्यात आणि आवळ्यात तुरट द्रव्य असतं, ते लोखंडाला भेटलं की काळं होतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मडक्यात काळा रंग नव्हताच. अर्धा रंग शाईत होता, अर्धा कापडात. दोघांची गाठ धाग्याच्या आत पडली आणि पाण्यात न विरघळणारे काळे कण तिथेच तयार झाले. गेरूही न विरघळणाऱ्या कणांचाच असतो. फरक इतकाच, की स्टॉलवरचे कण बाहेरून आणून धाग्यावर डकवलेले होते आणि हे धाग्याच्या पोटात जन्मले. म्हणून माझा ठसा मऊ आहे. डोळे मिटून हात फिरवला तर नक्षी कुठे सुरू होते ते कळत नाही.

बगरूत गेरूचं काय होतं तेही सांगते. तिथे लाल छापायचा असतो तेव्हा ठशावर लाल रंग नसतोच, तुरटीची लापशी असते. ती कापडावर दिसत नाही, म्हणून ठसा कुठे पडला ते कळावं इतक्यापुरता त्यात गेरू कालवतात. धुताना तो निघून जातो. मग कापड अलिझरीन या रंगद्रव्याच्या पाण्यात उकळलं, की तुरटी होती तिथेच लाल चढतो. स्टॉलवर मिरवणारा गेरू तिथे खुणेपुरता येतो आणि जातो.

आता कुणी म्हणेल, तो अलिझरीन तरी कुठे झाडाचा? बरोबर. १८६८मध्ये ग्रेबे आणि लिबरमान या रसायनशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत बनवला, आणि आज बहुतेक ठिकाणी तोच वापरतात. मला तो चालतो. मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांत असतो तोच हा पदार्थ, आणि कापडाशी तो तुरटीमार्फत तसाच बांधला जातो. रंग कशापासून केला यापेक्षा तो कशाने धरलाय, हे मला आधी कळायला हवं. कणच छापायचे असतील तरी रस्ता आहे. जपानमधल्या ओकिनावाच्या बिंगाता छपाईत रंगाची पूड भिजवलेल्या सोयाबीनच्या दुधात कालवतात आणि ते प्रथिन रंग धरून ठेवतं. इतकं सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या राज्यात हा प्रयोग गावोगावी व्हायला हवा होता.

ओढणीवरच्या हळदीबद्दल तर मला कुणी समजावूच नये. पंच्यावर सांडलेली हळद साबणाने लाल होते आणि उन्हात उडून जाते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. जी गोष्ट आपण डाग घालवण्यासाठी उन्हात टाकतो, ती पक्का रंग म्हणून विकू नये.

लोखंडाचा दोषही सांगायला हवा. मात्रा वाढली तर ते सूत खातं. जुन्या छापील कापडांत काळ्या रेघा आधी विरतात आणि नक्षीच्या जागी भोकं राहतात. त्यामुळे पुढच्या खेपेला मी लोखंडाचं पाणी अर्ध्याने पातळ करणार आहे.

काल दोन्ही कापडं ओट्यावर शेजारी ठेवून काळ्यावर लिंबाचा एकेक थेंब पिळला. लिंबू लोखंडाला सोडवून घेतं. ओढणीच्या काठावर थेंब तसाच गोल बसून राहिला, पुसला तर खाली काळा जसाच्या तसा. माझ्या मांजरपाटावर तो आत शिरला आणि पाच-दहा मिनिटांत नक्षीतल्या पानाचं एक टोक विझलं. तिथे आता हिरड्याचा फिकट पिवळा तेवढा उरलाय.