'प्रोफेशनल' लिहिलंय म्हणून घ्यायचं?

मंडळी, आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापायचे असतील तर आत्ताच कापा, कारण पुढे जरा कामाचं बोलायचंय.

तर झालंय असं की, हॉस्टेलमधल्या काही उद्योगी मुलांनी ठरवलंय, दर रविवारी स्टाफच्या गाड्यांचं डिटेलिंग करायचं आणि त्यातून मेसबाहेरच्या जेवणाचा खर्च काढायचा. आयडिया झकास आहे. (सर, मॅडम, वाचताय ना?) पण परवा त्यांची खरेदीची यादी बघितली आणि राहवेना. प्रत्येक वस्तूच्या आधी एकच शब्द. प्रोफेशनल शॅम्पू, प्रोफेशनल कंपाउंड, प्रोफेशनल व्हील क्लीनर! जणू डब्यावर हा शब्द असला की हात आपोआप सराईत होतो.

माझ्या मते हा शब्द मालाबद्दल कमी आणि वापरणाऱ्याबद्दल जास्त सांगतो. मेग्वायर्स ही अमेरिकन कंपनी १९०१ साली फर्निचरच्या पॉलिशपासून सुरू झाली, २०१३ मध्ये थ्रीएमने ती घेतली. ही एकच कंपनी घरच्या ग्राहकासाठी एक बाटली काढते आणि गॅरेजवाल्यासाठी दुसरी. घरगुती बाटली बनवताना गृहीत धरलेलं असतं की हा बाबा सूचना वाचणार नाही, गाडी उन्हात लावेल आणि मध्येच फोन घेईल. म्हणून ती बहुतेक वेळा सौम्य आणि तयार मिश्रणाची असते. गॅरेजचा कॅन मात्र धरून चालतो की तुम्हाला प्रमाण कळतं, हातात ग्लोव्हज आहेत आणि तुम्ही वेळेत धुऊन टाकणार आहात.

म्हणजे घ्यायच्या आधी विचारायचा प्रश्न एवढाच, की चुकलं तर काय जाईल?

शॅम्पूत चुकलं तर फेस जास्त होईल, बस. तिथे बिनधास्त मोठा कॅन घ्या. समजा प्रमाण १:५०० आहे. दहा लिटरच्या बादलीला २० मिली लागतं, म्हणजे पाच लिटरच्या कॅनमध्ये २५० बादल्या. स्वतःची एकच गाडी आठवड्यातून एकदा धुणाऱ्याला हा कॅन जवळजवळ पाच वर्षं पुरेल. आपली डिग्री चार वर्षांची आहे (केटी वेगळ्या). त्याने छोटी बाटलीच घ्यावी. पण रविवारी दहा गाड्या धुणार असाल तर तोच कॅन २५ रविवारांत संपतो, तिथे हिशोब जमतो. त्यातही न खळबळता पुसून घ्यायचा 'रिन्सलेस' वॉश मला जास्त पटतो. एका बादलीत गाडी होते. जून २०२४ मध्ये मुंबईत १० टक्के पाणीकपात होती, तेव्हा घाटकोपर-बोरिवलीच्या सोसायट्यांत पाइप लावून गाडी धुणाऱ्याकडे लोक कसे बघत असतील ते वेगळं सांगायला नको. शिवाय टँकरचं बोअरवेलचं पाणी असेल तर ते वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, ते निराळंच.

कंपाउंडची गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडे गॅरेजमध्ये अजून 'रबिंग-पॉलिश' हा शब्द चालतो. तो जुन्या गाड्यांच्या काळचा. तेव्हा साध्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसायचा. घासलं की फडक्यावर गाडीचा रंग उतरायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. आजच्या गाडीवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. आपल्या जर्नलचा कागद याच्या दुप्पट जाड असतो! उन्हापासून रंगाला वाचवणारा थर हाच. प्रत्येक घासणीत त्यातले काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. गरगर फिरणाऱ्या रोटरी मशीनवर जाडाभरडा कंपाउंड घेऊन नवशिक्याने बॉनेटची कड धरली, तर काही सेकंदांत थर संपतो. मग रविवारची कमाई सोडा, ते पॅनेल रंगवायचा खर्च द्यावा लागेल, तोही एचओडींच्या गाडीचा. इथे घरगुती, मऊ, हाताने लावायचं पॉलिशच बरं. चमक थोडी कमी येईल, येऊ दे.

आणि व्हील क्लीनर. याबद्दल मी खरंच चिडून लिहितेय. काही तीव्र व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा त्याचेच भाऊबंद असतात. हे ॲसिड कातडीवर पडलं की लगेच आग होईलच असं नाही. ते आत शिरतं, शरीरातलं कॅल्शियम पकडतं आणि दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये पहाटे गाड्या धुणाऱ्या काकांचे हात साध्या कपड्याच्या पावडरनेच फाटलेत. त्यांच्या हातात कोणीतरी बिनलेबलचा कॅन देतो आणि म्हणतो, "काका, याने चाकं चकाचक होतात." ग्लोव्हज कोण देतं? तुम्हीही उद्या ज्युनियर पोरांना चाकांवर बसवणार, मला माहितीये. तेव्हा ॲसिडवाला कॅन यादीतून सरळ काढा. न्यूट्रल पीएचचा, लोखंडाच्या कणांवर जांभळा होणारा क्लीनर मिळतो. वास भयंकर आहे, पण हात शाबूत राहतात. तरी ग्लोव्हज घालाच.

यादीत सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, 'फडकी २' असं होतं. दोन! मेट्रोच्या कामाने वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या एलबीएस मार्गावरून आलेली गाडी सुक्या फडक्याने पुसणं म्हणजे तिच्यावर सिमेंट-रेती घासणं. उन्हात दिसणारे ते कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे बहुतेक अशा पुसण्यातूनच येतात. आधी धूळ भिजवून सैल करा, मग हात लावा. खर्च करायचाच तर मायक्रोफायबरची डझनभर फडकी, धुण्याचे दोन मिट आणि दोन बादल्या यांवर करा. एक बादली शॅम्पूची, दुसरी मिट खळबळायला.

मशीन शिकायची फारच हौस असेल तर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एखादं जुनं बॉनेट उचलून आणा आणि त्यावर महिनाभर हात बसवा. ठेवायला जागा हवी, म्हणून मी वर्कशॉपच्या सरांना विचारून ठेवते. लेदच्या मागचा कोपरा रिकामाच असतो.